आम्लता मोजण्याची सोपी रीत : सीमाभाग आवृत्ती

ही मार्गदर्शिका अकरावीच्या किंवा फर्स्ट पीयूसीच्या विद्यार्थ्यासाठी आहे. यांपैकी तुम्ही कोण, हे घरावरून ठरत नाही. कॉलेजच्या फाटकावरून ठरतं. निपाणीतला मुलगा देवचंद कॉलेजला गेला तर तो महाराष्ट्रात शिकतो, कारण त्या कॉलेजचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. त्याचा शेजारी गावातल्याच दुसऱ्या कॉलेजात गेला तर तो कर्नाटकात राहून पीयूसी करतो. घरं एकाच गल्लीत, बोर्डं दोन. प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र दोघांच्या पुढ्यात एकच बाटली येते आणि एकच प्रश्न येतो : यात आम्ल किती?

रात्री तांबडा रस्सा ओरपल्यावर पहाटे छातीत जळजळतं, ती अ‍ॅसिडिटी या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे. तिच्यासाठी मेडिकलच्या दुकानात जावं.

पायरी पहिली : साहित्य जमवणे

५० मिलीलिटरची ब्युरेट, १० मिलीलिटरचं पिपेट, कॉनिकल फ्लास्क, पांढरी टाइल, फनेल, स्टँड आणि डिस्टिल्ड वॉटरची वॉश बॉटल. ब्युरेट घेताना चावी गळत नाही ना, हे बघून घ्यावं. गळत नसेल तर ती आधीच कुणीतरी घेतलेली असते.

सर्वांत महत्त्वाचं उपकरण म्हणजे मामा. सरकारदरबारी त्यांना लॅब अटेंडंट म्हणतात. प्राध्यापक बदलतात, अभ्यासक्रम बदलतो, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नावही बेळगावी झालं. मामा तेच राहतात. लेबल पुसलेल्या बाटलीत काय आहे ते त्यांना दुरून कळतं. आज दिलेलं द्रावण त्यांनीच सकाळी बनवलेलं असल्यामुळे उत्तरही त्यांनाच ठाऊक असतं. नवशिक्याने ही गोष्ट मनात ठेवावी, तोंडावर आणू नये.

पायरी दुसरी : ज्याने मोजायचं त्यालाच मोजणे

आम्ल मोजायला कॉस्टिक सोडा लागतो. तो थेट वजन करून घेता येईल असं नवशिक्याला वाटतं. घेता येत नाही. कॉस्टिकच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अधाशासारखा ओढून घेतात. तराजूच्या पेल्यात ठेवून आकडा वहीत लिहीपर्यंत त्यांना घाम फुटलेला असतो, आणि वजन सोड्याचं किती, हवेचं किती, हे सांगता येत नाही. म्हणून आधी ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक घ्यायचे. हे स्फटिक सज्जन असतात. वजनाला बसवलं की बसून राहतात. २५० मिलीलिटर ०.१ नॉर्मल द्रावणाला बरोबर १.५७५ ग्रॅम. या द्रावणाने कॉस्टिकची ताकद तपासायची आणि मग त्या कॉस्टिकने अनोळखी आम्लाची.

दुसऱ्याला मोजायला निघालेल्याने आधी स्वतःला मोजून घ्यावं, असा हा नियम आहे. रसायनशास्त्रात इतका शहाणा नियम दुसरा नसेल. जमिनीच्या मोजणीला तो लावल्याचं आमच्या भागात अजून कुणी पाहिलेलं नाही.

सल्फ्युरिकसारखं तीव्र आम्ल पातळ करायचं असेल तर आम्ल पाण्यात ओतावं, थोडं थोडं, ढवळत. पाणी आम्लात ओतू नये. इतकी उष्णता निघते की वरचं पाणी जागच्या जागी उकळून आम्लासकट अंगावर उडतं. या वाक्यात विनोद नाही. ते पाठ करावं.

पायरी तिसरी : भरणे आणि वाचणे

ब्युरेट आधी पाण्याने धुवावी, मग जे द्रावण भरायचं त्यानेच खळबळून घ्यावी. नाहीतर आत राहिलेलं पाणी द्रावण पातळ करतं. फ्लास्क मात्र नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवावा, कारण तो द्रावणाने खळबळला तर मोजलेल्या दहा मिलीलिटरांत न मोजलेले थेंब मिसळतात. पहिल्या दिवशी सगळी बॅच याच्या नेमकं उलटं करते. भरून झाल्यावर फनेल काढून ठेवावं. खालच्या चोचीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, तो चावी झटकन उघडून घालवावा.

आकडा वाचताना डोळा द्रावणाच्या पातळीवर आणावा आणि खळग्याचा तळ वाचावा. वरून बघणाऱ्या उंच मुलाचं रीडिंग कमी येतं, टाचा उंचावून बघणाऱ्या बुटक्याचं जास्त. दोघं पार्टनर असतील तर सरासरी बरोबर येते. पण असे पार्टनर मागून मिळत नाहीत.

पिपेट तोंडाने ओढू नये. रबरी फुगा वापरावा. फुगा कपाटात असतो, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते मीटिंगला गेलेले असतात. तरीही तोंडाने ओढू नये. ज्यांनी ओढलं त्यांना आम्लता ओळखण्याची पुरातन पद्धत फुकट शिकायला मिळते : आंबट लागलं तर आम्ल, बुळबुळीत लागलं तर कॉस्टिक. पिपेटच्या टोकाशी राहिलेला शेवटचा थेंब फुंकून पाडू नये. तो राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते.

पायरी चौथी : रंग निवडणे

इथे जरा थांबू या. आम्ल आणि अल्कली दोन्ही पाण्यासारखी दिसतात. लढाई कधी संपली हे सांगायला तिसरा कुणीतरी लागतो. त्याला शाळेच्या पुस्तकात दर्शक म्हणतात, लॅबमध्ये इंडिकेटर.

ऑक्झॅलिक किंवा व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल आणि कॉस्टिकसारखी तीव्र अल्कली असा सामना असेल तर फिनॉल्फ्थॅलीन घ्यावं. आम्लात ते रंगहीन असतं, पीएच ८.२ च्या पुढे गुलाबी होऊ लागतं. हे नाव एका दमात उच्चारता आलं तर व्हायवाची भीती निम्मी जाते. पूर्वी हे जुलाबाचं औषध म्हणून विकलं जायचं. अमेरिकेत ते १९९९ मध्ये बाजारातून गेलं. आपल्याकडे त्याची दुसरी कामगिरी मोठी आहे. लाच घेणाऱ्याला पकडायचं तर नोटांना हीच पूड चोळून देतात आणि नंतर साहेबांचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवतात. हात गुलाबी. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे लोकायुक्त पोलीस, पलीकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. खाती दोन, पूड एकच. दोन्ही राज्यांनी विनातक्रार मान्य केलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत हिची गणना करायला हरकत नाही.

धुण्याचा सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असा उलटा सामना असेल तर मिथाइल ऑरेंज. आणि इथे सीमाभागातल्या विद्यार्थ्याने सांभाळून राहावं. मिथाइल ऑरेंज अल्कलीत पिवळं असतं, आम्लात लाल. पीएच ४.४ च्या वर पिवळं, ३.१ च्या खाली लाल. बेळगावात राहणाऱ्याला हे दोन रंग वर पिवळा, खाली लाल अशा क्रमाने रस्त्यारस्त्यावर दिसतात, नोव्हेंबर महिन्यात तर जास्तच. आणि पिवळ्याचा लाल होताना मधे, एखाद्या थेंबापुरता जो रंग येतो, तो भगवा. प्रयोग तिथेच थांबवायचा असतो. हे रसायनाचं म्हणणं आहे, लेखकाचं नाही, आणि १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, या प्रयोगाचं प्रॅक्टिकल लावू नये ही सूचना मात्र लेखकाची.

इंडिकेटरची बाटली रिकामी असेल तर स्वयंपाकघरात जावं. हळद हा उत्तम दर्शक आहे. आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळी, अल्कलीत तांबडी. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, तो रक्ताचा नव्हे. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते. कर्नाटकाच्या झेंड्याचा पिवळा-लाल हाही हळद-कुंकवाचाच मानतात. म्हणजे त्या झेंड्याचे दोन पट्टे ही एकाच मुळीची दोन पीएचवरची रूपं झाली. हळदी-कुंकवाला बोलावणारी बाई मराठी असो की कन्नड, करंड्यातली रसायनं तीच असतात.

जास्वंदही चालते. तिच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी, अल्कलीत हिरवट होतो. शेजाऱ्यांच्या कुंपणातली तोडावी लागते, एवढीच अडचण.

पायरी पाचवी : थेंब सोडणे

डाव्या हाताने चावी, उजव्या हाताने फ्लास्क, खाली पांढरी टाइल. सुरुवातीला भरभर, मग थेंबाथेंबाने. नवशिक्या भरभरच सोडत राहतो. मामा मागून येतात.

“काय करालायस रं?”

“टायट्रेशन, मामा.”

“आरं, म्हशीला पाणी पाजल्यागत सोडालायस की. थेंब सोड, थेंब.”

“रंग येईना झालाय, मामा.”

“इंडिकेटर घातलायस काय?”

घातलेला नसतो. ही चूक करण्याचा प्रत्येकाला एकदा हक्क आहे; दुसऱ्यांदा मामा हसत नाहीत.

फिनॉल्फ्थॅलीनला हवा तो रंग म्हणजे फिक्कट गुलाबी, आहे की नाही असा वाटणारा, अर्धा मिनिट टिकणारा. राणी कलर आला तर गाडी स्टँड सोडून पुढे गेली. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीलिटरचा, रंगहीन आणि राणी यांच्यात कधी कधी एवढंच अंतर असतं. आलेला बरोबर रंगसुद्धा फ्लास्क उघडा ठेवला की काही वेळाने उडून जातो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पुन्हा आम्ल होतं. सरांना दाखवायला सर येईपर्यंत हमखास उडतो.

पायरी सहावी प्रयोगात नाही, जर्नलमध्ये आहे

महाराष्ट्र बोर्डाच्या जर्नलात रीडिंगच्या तक्त्याखाली एक चौकट असते : सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तीनदा प्रयोग करायचा आणि जे रीडिंग स्थिर येईल ते लिहायचं. मापनशास्त्राची यामागची कल्पना प्रामाणिक आहे. एकदा आलेला आकडा योगायोग असू शकतो, जुळणारे आकडे आले तर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

प्रत्यक्षात काय होतं? प्रयोग एकदा होतो. १०.२ येतं. मग तक्त्यात १०.२, १०.२, १०.२ असं लिहिलं जातं, आणि पायलट रीडिंगच्या रकान्यात ‘१० ते ११’. शेजारच्या टेबलावरही १०.२. अख्ख्या बॅचमध्ये १०.२. गळक्या ब्युरेटचंही १०.२ आणि जिने इंडिकेटर घातलाच नव्हता तिचंही १०.२. इतकी अचूकता जगातल्या नामांकित प्रयोगशाळांना साधलेली नाही. खऱ्या हातांनी खरोखर तीनदा केलं तर १०.१, १०.३, १०.२ असं काहीतरी येतं, आणि ते लिहिणाऱ्या मुलाला ‘रिपीट’ असा लाल शेरा मिळतो. माझ्या मते त्याला दोन मार्क जास्त द्यायला हवेत. पण मार्गदर्शिकेचं काम आहे पास करणं, तेव्हा रीडिंग पेन्सिलीने लिहावीत.

अनुभवी विद्यार्थी उलटा प्रवास करतो. उत्तर ०.१ नॉर्मलच्या आसपास येणार हे मागल्या वर्षीच्या जर्नलमध्ये असतं. तिथून सूत्राने मागे येत रीडिंग काढायचं, आणि उरलेल्या वेळात कँटीन. या पद्धतीत काच फुटत नाही, त्यामुळे ब्रेकेजही भरावं लागत नाही. तिच्यात एकच उणीव आहे. मामांनी त्या दिवशी द्रावण थोडं पातळ केलेलं असू शकतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते करतातच.

हे सगळं कशाला, असं विचारणाऱ्याने पहाटे दूध डेअरीत जावं. दहा मिलीलिटर दूध, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, वरून ०.१ नॉर्मल कॉस्टिक. एका मिलीलिटरला ०.००९ ग्रॅम लॅक्टिक आम्ल असा हिशेब. १.६ मिलीलिटर लागलं तर आम्लता ०.१४४ टक्के, दूध ताजं. आकडा बराच वर गेला तर तापवल्यावर नासणार. गंमत अशी की ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच. तो आकडा केसीन आणि फॉस्फेटांचा असतो, नाव फक्त लॅक्टिकचं लागतं. पण तिथे ‘१.६, १.६, १.६’ लिहून भागत नाही. कॅन परत गेला की शेतकरी दारात उभा राहतो.

पायरी सातवी : पीएच मीटर

इथवर आपण आम्लाचा साठा मोजला. आम्लाचा जोर वेगळा. भांडणात एकाचा आवाज चढलेला असतो आणि दुसऱ्याचा राग सगळा पोटात असतो, तसं हे आहे. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आणि ०.१ नॉर्मल ॲसेटिक, दोघांनाही कॉस्टिक सारखंच लागतं. पण पहिल्याचा पीएच १.१ च्या आसपास, दुसऱ्याचा २.९. जोर मोजायची ही पट्टी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी काढली. कार्ल्सबर्ग म्हणजे तीच, बिअरवाली. पुढे १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लिंबूवाल्यांना रसाचा आंबटपणा नीट मोजता येईना, म्हणून आर्नल्ड बेकमनने इलेक्ट्रॉनिक मीटर बनवलं. बिअर आणि लिंबू यांच्यातून निघालेली ही गोष्ट आपल्याकडे इतक्या गंभीर चेहऱ्याने का शिकवतात, कळत नाही.

पट्टी दहाच्या पटीत चालते. पीएच एकाने उतरला म्हणजे आम्लाचा जोर दहापट, दोनाने उतरला तर शंभरपट. खानापूरकडच्या पावसाने धुतलेल्या तांबड्या जमिनी आम्लधर्मी, निपाणीकडची काळी जमीन सातच्या वर झुकणारी. कागदावर फरक दोनेक अंकांचा दिसतो, पिकाला तो शंभरपटीने कळतो.

मीटर वापरण्याआधी त्याला ४, ७ आणि ९.२ चे बफर दाखवून शुद्धीवर आणावं. काचेचा इलेक्ट्रोड पुसू नये, टिपून घ्यावा. ठेवताना पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवावा. पोरं डिस्टिल्ड पाण्यात ठेवतात आणि तो हळूहळू मरतो.

डिस्टिल्ड पाण्याचंही ऐकून घ्या. पुस्तकात ते तटस्थ असतं, पीएच ७. तुम्ही मोजाल तर ५.६ च्या आसपास येईल, कारण उघड्यावर ठेवलं की तेही हवेतलं काही ना काही पितं. तटस्थ म्हणवणाऱ्यांचा आमच्या भागाला अनुभव आहे. १९६६ मध्ये सीमावादावर माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. पुढल्या वर्षीच्या अहवालात बेळगाव म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात ठेवलं आणि निपाणी महाराष्ट्राला द्यायला सांगितली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. महाराष्ट्राने २००४ मध्ये केलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे. एवढा वेळ थेंब सोडूनही रंग न बदललेला दुसरा फ्लास्क माझ्या पाहण्यात नाही.

मीटर नसेल आणि गुऱ्हाळ जवळ असेल तर गुळव्याला गाठावं. उसाचा रस पाचाच्या थोडा वर, म्हणजे आंबटच. तो आंबटपणा गुळव्या चुन्याची निवळी घालून उतरवतो. निवळी जास्त झाली की गूळ काळवंडतो आणि बाजारात पडतो. हा त्याचा दर्शक.

पण या विद्येतला निपाणीचा खरा तज्ज्ञ बसस्टँडच्या कट्ट्यावर भेटतो. तळहातावर तंबाखू, नखावर चुना, वर अंगठा. त्याला वाटतं तो नुसता मळतोय. तो पीएच वाढवतोय. पानातलं निकोटिन आम्लधर्मी अवस्थेत क्षाराच्या रूपात बांधलेलं असतं, तोंडाच्या नाजूक कातडीतून सहज आत शिरत नाही. पीएच ८ च्या आसपास निम्मं निकोटिन मोकळं होतं, त्यापुढे आणखी. चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच १२.४. म्हणून चुन्याशिवाय तंबाखू त्याला ‘लागत’ नाही. चुना तो थेंबाच्या हिशेबाने घालतो, आणि जास्त झाला तर ओठ भाजतो : एंड पॉइंट ओलांडला. कॉलेजात तीन वर्षं घालवून मुलांना जो हात येत नाही तो याला आला आहे, आणि बक्षीस म्हणून तोंडाचा कॅन्सर मिळण्याची शक्यता. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी फक्त दुरून पाहावा.

पायरी आठवी : व्हायवा

एक्स्टर्नल धारवाडकडचे असतात, विद्यार्थी मराठी शाळेतून आलेला असतो, म्हणून व्हायवा इंग्रजीत होते. दोघंही परक्या भाषेत सारखेच अडखळतात आणि खोलीतलं वातावरण सातच्या जवळ राहतं. प्रश्न ठरलेले आहेत. कॉस्टिक थेट वजन करून का घेत नाही? हे दुसऱ्या पायरीत आहे. व्हिनेगरला मिथाइल ऑरेंज का चालत नाही? कारण सगळं आम्ल संपायच्या कितीतरी आधी ते रंग बदलून मोकळं होतं. तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी कशी? या प्रश्नावर टाइलकडे बघावं.

पायरी नववी : आवरणे

कॉस्टिक ब्युरेटमध्ये रात्रभर ठेवू नये, काचेची चावी चिकटून बसते आणि ती ब्रेकेजमध्ये धरतात. ब्युरेट धुऊन, चावी उघडी ठेवून, स्टँडला उलटी लावावी. उरलेलं द्रावण भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडावं. बाटलीत परत ओतू नये, नाहीतर उद्याच्या बॅचचं १०.२ चुकेल. जर्नल आजच सर्टिफाय करून घ्यावं. सर गेले असतील तर मामांकडे द्यावं. सही पुढच्या सोमवारी मिळेल, आणि पेन्सिलीने लिहिलेलं तोवर शाईने करायला विसरू नये.